पाऱ्यावर तरंगणारं भिंग

दीपगृहांचा फिरता झोत जगाच्या किनाऱ्यांवरून एकेक करून निघून चालला आहे. मनोरे जागेवर आहेत, अंधार पडला की दिवेही लागतात. पण माथ्यावरच्या खोलीतलं ते अवजड, फिरतं काचेचं भिंग उतरवलं जातं आणि त्या जागी हातात मावेल एवढा एलईडीचा दिवा बसतो. तो जागच्या जागी उघडझाप करतो. समुद्रावरून, मग किनाऱ्यावरच्या घरांवरून, मग पुन्हा समुद्रावरून हात फिरवल्यासारखा जाणारा उजेड त्याच्यापाशी नसतो. दीडशे-दोनशे वर्षं खलाशांना घरी आणणाऱ्या या यंत्राची शोकसभा कुठेच भरली नाही. म्हणून हे चार शब्द.

भिंगाबद्दल बोलायचं तर आधी त्याच्या कर्त्याबद्दल बोललं पाहिजे. ऑगस्टँ फ्रेनेलचा जन्म 1788चा, नॉर्मंडीतला. पेशाने तो फ्रान्सच्या सरकारी रस्ते खात्यातला इंजिनिअर. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात त्याने प्रकाशाचा अभ्यास केला. प्रकाश ही लाट आहे असं त्याचं म्हणणं होतं. फ्रेंच विज्ञान अकादमीतल्या पंडितांना ते पटत नव्हतं. त्यांच्यातल्या प्वासाँने गणित मांडून आक्षेप घेतला, की असं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोब्बर मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा, आणि हे तर अशक्य आहे. अकादमीतल्याच आरागोने प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. 1819मध्ये अकादमीचं पारितोषिक फ्रेनेलला मिळालं. विज्ञानाच्या इतिहासात इतका देखणा विजय मला तरी दुसरा आठवत नाही.

त्याच वर्षी त्याला दीपगृहांच्या कामावर घेतलं गेलं. तेव्हा तेलाच्या दिव्यामागे धातूचे घासूनपुसून चकचकीत केलेले आरसे लावत. आरशावर पडलेल्या उजेडातला जवळपास निम्मा धातूतच जिरायचा. आरशाऐवजी काचेचं भिंग लावावं तर एवढ्या मोठ्या दिव्यासाठी ते इतकं जाड करावं लागेल, की त्याचं वजन मनोऱ्याला पेलवणार नाही आणि जाड काच उजेड पिऊन टाकेल. फ्रेनेलने ओळखलं, की प्रकाशाला वळवतो तो भिंगाचा पृष्ठभाग. आतली जाड काच नुसतं ओझं आहे. मग ती काढून टाकायची आणि पृष्ठभागाची वळणं तेवढी ठेवायची. मधोमध एक भिंग, त्याभोवती कड्यांमागून कडी, आणि प्रत्येक कड्याचा कोन असा घासलेला, की ज्योतीतून सुटलेला किरण बाहेर पडताना आडवाच, समुद्राच्या दिशेने पडावा. पायऱ्यापायऱ्यांच्या भिंगाची कल्पना निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँला आधी सुचली होती, पण त्याला ते अखंड काचेतून हवं होतं. फ्रेनेलने ते तुकड्यांतून जोडलं आणि म्हणून ते घडलं.

1822मध्ये पॅरिसच्या अर्धवट बांधलेल्या आर्क द त्रिओंफवर त्याची चाचणी झाली. दिवा 32 किलोमीटरवरून दिसला. पुढच्या वर्षी, जुलै 1823मध्ये, जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआँच्या दीपगृहात पहिलं भिंग पेटलं. आठ पाकळ्यांचं ते भिंग आठ मिनिटांत एक फेरी घ्यायचं, म्हणजे जहाजाला मिनिटाला एक झळक. 1825मध्ये फ्रेनेलने फ्रान्सच्या सबंध किनाऱ्यासाठी 51 दीपगृहांचा आराखडा मांडला. तो पूर्ण झालेला पाहायला तो उरला नाही. क्षयाने 14 जुलै 1827 रोजी तो गेला, तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. लंडनच्या रॉयल सोसायटीचं रम्फर्ड पदक आरागोने त्याच्या हाती दिलं तेव्हा तो मरणशय्येवर होता.

काम त्याचा भाऊ लिओनोरने पुढे नेलं. स्कॉटलंडात टॉमस स्टीव्हन्सनने, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुईच्या वडिलांनी, वरखाली निसटणारा उजेडही लोलकांनी परतवून झोतात आणला. बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सनी अशी भिंगं घडवून जगभर पाठवली, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही. पहिल्या श्रेणीचं, म्हणजे मोठ्यातलं भिंग म्हणजे काचेचा गाभाराच, माणूस आत उभा राहील एवढा. वजन काही टन. एवढं धूड चाकांवर फिरवायचं म्हणजे सावकाशच फिरणार. 1890च्या सुमारास बूर्देल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने ते पाऱ्याच्या कुंडात तरंगतं ठेवलं. काही टनांची काच बोटाने ढकलली तरी फिरू लागली. मिनिटांची फेरी सेकंदांवर आली.

इथे या यंत्राचं खरं सौंदर्य येतं. पाकळ्या समान अंतरावर ठेवल्या तर झळका एकसारख्या पडतात. दोन जवळ आणि मग मोठी फट ठेवली तर दोन झळका आणि काळोख. म्हणजे मनोऱ्याची ओळख काचेच्या रचनेतच कोरलेली. अंधारात तांडेलाने सेकंद मोजायचे आणि समोरचा मनोरा कुठला ते ठरवायचं. थळच्या समोरची खांदेरी घ्या. शिवाजी महाराजांनी 1679मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तटबंदी घातलेलं हे बेट. तिथे 1867पासून दीपगृह आहे आणि आज बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. मुंबईच्या तोंडाशी प्रॉन्ग्सचा मनोरा 1875चा. या पाण्यात रात्री शिरणाऱ्याला दिव्याचा ठेका म्हणजे गावाचं नाव ऐकू येण्यासारखंच.

आणि हे सगळं एका ज्योतीवर. आधी तेलाच्या वाती, पुढे आपल्या लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीच्या जातीचा रॉकेलचा बर्नर. दिवा मोठा करण्यापेक्षा आहे त्या उजेडातला कण न् कण गोळा करायचा, ही या शोधाची बुद्धी. आजच्या कुठल्याही झगझगाटापेक्षा मला तीच मोठी वाटते.

ही भिंगं माणसांनी जपली. दर काही तासांनी राखणदार भिंग फिरवणाऱ्या घड्याळयंत्राची वजनं वर ओढायचे. सदऱ्याच्या बटणाने काचेवर ओरखडा नको म्हणून एप्रन घालून लोलक पुसायचे. दिवसा खिडक्यांना पडदे ओढायचे, कारण जे भिंग उजेड बाहेर फेकतं तेच सूर्याला आत गोळा करून आग लावू शकतं. पाराही अधूनमधून गाळून घ्यावा लागे. त्या पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत घेतलेल्या माणसांचं काय झालं असेल, हा विचार मी टाळू शकत नाही. त्यामुळे पारा गेला हे बरंच झालं. एलईडीला वीज थोडी लागते, ती सौरपट्टीवर चालते, वादळात कुणाला मनोऱ्यावर अडकून पडावं लागत नाही. जीपीएस तर प्रत्येक नव्या जहाजावर आहे. हा बदल चुकला असं मी म्हणणार नाही.

फ्रेनेलचं नाव रंगमंचावर अजून घेतलं जातं. प्रकाशयोजनाकार कडांनी विरघळत जाणारा झोत हवा असला की ‘फ्रेनेल’च मागतात. पण त्याची मोठी भिंगं लोलक सुटे करून खोक्यांत भरली जातात, तेव्हा त्यांचे कोन हरवतात आणि उरते ती नुसती काच. गुजरातेत लोथलला सागरी वारसा संकुलात दीपगृहाचं संग्रहालय व्हायचं आहे. तिथे एक जुनं भिंग अखंड बसवावं. पाऱ्याऐवजी बेअरिंगवर चालेल. वजनांवरचं घड्याळयंत्र मात्र चालू हवं आणि आत विजेचा मोठा दिवा नको, रॉकेलची जुनी बत्तीच हवी. पोरांना आधी ती बत्ती नुसती दाखवावी, मग ती भिंगाच्या आत ठेवून त्यांना संध्याकाळी बाहेर मैदानावर न्यावं, जितकं लांब नेता येईल तितकं.