परतीचं भाडं

सिंगापूर, सप्टेंबर

तीर्थरूप अण्णांस शि. सा. नमस्कार.

मी नक्की काय करतो असं शेजारी विचारतात, असं तुम्ही लिहिलंत. ‘जहाजावर आहे’ म्हणू नका. जहाजावर खलाशी असतात, मी ऑफिसात असतो. कंटेनरमध्ये न मावणारा माल, म्हणजे रिफायनरीची रिअ‍ॅक्टरं, ट्रान्सफॉर्मर, बंदरावरच्या क्रेन, टगबोटी, हा आमचा धंदा. आमच्या जहाजाला स्वतःच्याच दोन क्रेन आहेत, प्रत्येकी ९०० टनांच्या. बंदरावर काही नसलं तरी चालतं. सिंगापूर ते जपान या पट्ट्यातला माल मिळवायचा, दर ठरवायचा, करारावर सही घ्यायची आणि काही बिघडलं की रात्री दोनला फोन उचलायचा, हे माझं काम. पाटीवर ‘रीजनल मॅनेजर’ असं लिहिलेलं आहे.

तुम्हाला मात्र एका वाक्यात कळेल. कोल्हापूरहून गूळ भरून ट्रक गुजरातला निघाला की तुमचं अर्धं लक्ष परतीच्या भाड्याकडे असायचं. माझंही तसंच आहे. अवजड माल एकाच दिशेला जातो. रिफायनरी एकदा उभी राहिली की तिथून परत न्यायला काही नसतं. रिकामं जहाजही डिझेल खातं आणि खलाशांचा पगार काही थांबत नाही. इथे लोक वजनाला घाबरतात, मी रिकाम्या डेकला घाबरतो.

बाताम, सप्टेंबर

सिंगापूरहून फेरीने तासाभरात इंडोनेशियाच्या या बेटावर येता येतं. इथलं घड्याळ तासभर मागे, त्यामुळे निघालो तेवढेच वाजलेले असताना पोचलो. किनाऱ्यावर फॅब्रिकेशनची यार्डं आहेत. तैवानच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी एक पोलादी मॉड्यूल आम्हाला उचलायचं होतं. कागदावर वजन ६४० टन.

उचलण्याआधी लोड सेलवर वजन करतात. काटा ६६२ वर थांबला. यार्डवाले म्हणाले, रंग, शिड्या, केबल ट्रे, जरा वाढणारच. विमा कंपनीच्या वतीने आलेला वॉरंटी सर्व्हेअर, स्कॉटलंडचा म्हातारा, काही बोलला नाही. फक्त सहीचं पेन खिशात घातलं. २२ टन दोन क्रेनना काही जड नाहीत. प्रश्न होता तो हे २२ टन नेमके कुठे आहेत याचा. गुरुत्वमध्य हातभर सरकला तरी एका क्रेनवर जास्त भार येतो, दुसरीवर कमी, आणि स्लिंगचा कोन बदलतो. त्यामुळे सगळं गणित नव्याने मांडावं लागलं. क्लायंटचा माणूस माझ्या कानाशी दर अर्ध्या तासाला ‘किती वेळ?’ म्हणत होता. मी त्याला चहा पाजत राहिलो. माझ्या पदाचं हेही एक काम.

दुपारी मुहूर्त लागला. अण्णा, हे एकदा बघायला हवं होतं तुम्ही. क्रेन ताण घेऊ लागते तसं जहाज धक्क्याकडे कलू लागतं. मग पलीकडच्या बाजूच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून ते सरळ करायचं. पुन्हा थोडा ताण, पुन्हा पाणी. मॉड्यूल धक्क्यापासून सुटतं तेव्हा आवाज होत नाही, खालच्या फळ्या मोकळ्या झालेल्या दिसतात, एवढंच. तिथून मॉड्यूल जहाजाच्या मध्यावर येईपर्यंत ते पाणी उलट हलवत राहायचं. चीफ ऑफिसरची नजर वर क्रेनकडे जातच नव्हती, कलाच्या आकड्यांवर होती. डेकवर उतरल्यावर वेल्डर धावले. मॉड्यूलच्या चारी बाजूंनी पोलादी अडसर डेकला वेल्ड करायचे, म्हणजे लाटेत ते हलणार नाही. उचलणं दुपारभरात संपतं, वेल्डिंगला रात्र जाते आणि पैशाची चर्चा फक्त उचलण्याची होते.

ताइचुंग, ऑक्टोबर

वारा. दुसरं लिहिण्यासारखं काही नाही. ऑक्टोबरपासून तैवानच्या सामुद्रधुनीत ईशान्येचा मोसमी वारा घुसतो आणि वसंतापर्यंत समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचं काम जवळपास थांबतं. ज्या वाऱ्यासाठी चक्क्या लावायच्या, तोच लावू देत नाही. आमचं मॉड्यूल बंदरात उतरवून ठेवलं, बसवणारे पुढच्या हंगामात बसवतील.

जहाज तीन दिवस बाहेर लंगर टाकून होतं, म्हणून डाजियाच्या देवळात जाऊन आलो. मात्सू ही इथल्या दर्यावर्दी लोकांची देवी. तिच्या दोन बाजूंना दोन राक्षसी सेवक असतात, एक हजार मैल दूर पाहणारा आणि दुसरा वाऱ्यावरचं ऐकणारा. हे दोघे मला नोकरीला मिळाले तर बोनस माझ्या खिशातून देईन.

जहाज मात्र रिकामं झालंय. हेड ऑफिस म्हणतं, शांघायला थांबा, चांगला दर येईल. मी दक्षिण कोरियातल्या उल्सानला फोन लावतोय.

ब्रेमेन, नोव्हेंबर

हेड ऑफिसच्या बैठकीसाठी जर्मनीत आलोय. चार वाजता अंधार पडतो. या गावाचा आणि आपल्या देशाचा संबंध मला इथे आल्यावर कळला. इथल्या डीडीजी हान्सा कंपनीला १९२० च्या दशकात भारतात अख्खी, जोडलेली रेल्वे इंजिनं पोचवायची मागणी येऊ लागली. त्यासाठी तिने १९२९ मध्ये ‘लिख्टेनफेल्स’ बांधलं, १२० टन उचलणारी डेरिक असलेलं. अवजड मालासाठी खास बांधलेल्या सुरुवातीच्या जहाजांपैकी हे एक. म्हणजे आमच्या धंद्याचं सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक भारतातली रेल्वे! १९७८ मध्ये हान्साने ‘ट्रिफेल्स’ जहाजावर ३२० टनांच्या दोन बूम बसवल्या, उचलण्याच्या ताकदीचा तो तिचा कळस. १९८० मध्ये कंपनी बुडाली. एवढं उचलणारी कंपनी दोन वर्षांत गेली, हे मी बैठकीत बोललो नाही. सगळ्यांना माहीत होतं.

बोलायचं होतं ते उल्सानचं. तिथून तीन ट्रान्सफॉर्मर मी कमी दरात घेतले, कुणाला न विचारता. साहेब चिडले होते. शांघायचा माल अजून आलेला नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि मग विषय बदलला.

ट्रान्सफॉर्मर गुजरातच्या किनाऱ्यावर उतरतील. तिथून पुढे काही भरायला मिळतं का ते बघतोय. हजिऱ्याला मोठी रिअ‍ॅक्टरं बनतात, तिकडे माणूस आहे. तुमच्या जुन्या ओळखींपैकी तिथे अजून कोणी ट्रान्सपोर्टमध्ये असेल तर नंबर पाठवा. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा, मागच्या पत्रात राहिलंय.

तुमचा
बाळू