चेन नवी, दात जुने

तर झालं असं, की नांदुरीच्या घाटात, भर चढावर माझ्या बाईकनं ऐन वळणावर हात वर केले! मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर ओटीची पिशवी. मी थर्डवरून सेकंड टाकला, रेस दिली आणि खालून ‘कटाक्-कटाक्’ आवाज. इंजिन नुसतं बोंबलतंय, चाक ढिम्म. गाडी मागे यायला लागली आणि मागून एस.टी. वर येत होती. दोन्ही ब्रेक दाबून, पाय रोवून कशीबशी थांबवली. एस.टी. बाजूनं निघून गेली. ड्रायव्हरनं काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

‘काय झालं रे?’

‘चेन दातांवरून उडतेय.’

‘अरे, नवीन टाकलीस ना आत्ताच?’

टाकली होती. दोनच महिन्यांपूर्वी, सिडकोत. तेव्हा मेकॅनिक काका म्हणाले होते, ‘साहेब, नुसती चेन नका टाकू. पुढचं-मागचं दोन्ही स्पॉकेट गेलीत. पूर्ण किट टाका.’ मला वाटलं, झालं, बिल फुगवायचं सुरू! आपण मोबाइलच्या कव्हरवर पाचशे रुपये सहज उडवतो, पण गॅरेजमध्ये कोणी पाचशेचा पार्ट सांगितला की आपल्यातला ऑडिटर जागा होतो. मी म्हटलं, ‘चेन तेवढी टाका.’

आई बिलकुल घाबरली नाही. खालून गडावर जाणारी एक जीप आली, तिनं हात केला. ‘मी येते दर्शन करून. तू बस इथेच.’ आणि गेली! मी घाटात, कठड्याला टेकून, गाडीकडे बघत बसलो. दोन तास. तेवढ्या वेळात मागच्या स्पॉकेटचे दात आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिले. सरळ उभे असायला हवेत, ते एका बाजूला कलून शार्कच्या परासारखे टोकदार झाले होते.

आपण ‘चेन वाढली’ म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीत एक पिन आणि तिच्याभोवती बुश असतो. तो झिजतो, कडीत केसभर ढील येते. शंभराहून जास्त कड्यांची ती ढील एकत्र झाली की चेन लांबते. लांबलेली चेन दातांना स्वतःच्या मापाप्रमाणे घासत नेते. म्हणजे दोघं जोडीनं म्हातारे होतात. त्यात एकाच्या जागी नवीन आणून बसवला की माप जुळत नाही. रोलर दाताच्या तळाशी बसायच्या ऐवजी उतारावर चढतो आणि जोर पडला की पुढच्या दातावर उडी मारतो. घाट, सेकंड गिअर आणि डबलसीट. याहून जास्त जोर कुठे पडणार?

तपासायला फूटपट्टी पुरते. बहुतेक १५० सीसीपर्यंतच्या बाईकना ४२८ नंबरची चेन असते. यातला पहिला ४ म्हणजे चार अष्टमांश, म्हणजेच अर्धा इंच, एका पिनपासून दुसरीपर्यंतचं अंतर. नव्या चेनचे वीस घर मोजले तर २५४ मिलिमीटर भरतात. २५९ च्या आसपास गेले की संपली. फूटपट्टी नसेल तर मागच्या स्पॉकेटच्या अगदी पाठीमागच्या टोकाला चेन बोटानं मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला, की समजा वेळ आली. (१८८० मध्ये हान्स रेनॉल्डनं मँचेस्टरला ही बुश-रोलर चेन काढली. तेव्हापासून मूळ रचना तीच आहे.)

घाट उतरून, न्यूट्रलमध्ये नांदुरीपर्यंत आलो. आई जीपनं पाठोपाठ. तिथून टेम्पोत गाडी घालून नाशिक. काकांनी दात पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

या वेळी किट. एका मित्राचा सल्ला होता, ‘पुढचं स्पॉकेट एक दात लहान टाक, घाटात पळेल.’ काका म्हणाले, पळेल, पण हायवेला इंजिन ओरडेल आणि ॲव्हरेज पडेल. हिशेब खरा आहे : पंधराऐवजी चौदा दात म्हणजे त्याच स्पीडला इंजिनाचे सात टक्के जास्त फेरे. मी वर्षातून दोनदा गडावर जातो, रोज अंबडला. कंपनीचंच माप ठेवलं.

आता दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी करून आलो की लगेच, रॉकेलचा ब्रश आणि मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल. चेनच्या आतल्या बाजूनं घालायचं, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या अंगाला पसरतं. चाक हातानं फिरवायचं, इंजिन चालू ठेवून कधीच नाही, बोटं जातात! ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश बंद, रबर खराब होतं. ढील गाडीच्या पुस्तकात दिली तेवढीच, सहसा वीस-तीस मिलिमीटर. फार घट्ट चेन तर ढिलीपेक्षा वाईट : मागे माणूस बसला की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

बाबा दर रविवारी अंगणात बसून त्यांच्या गाडीच्या साखळीला तेल घालायचे, इंजिनातून काढलेलं काळं ऑइल. काकांना सांगितलं तर म्हणाले, त्यात लोखंडाची कीस असते, तेलाबरोबर घासकामही होतं. आईला हे अजून सांगितलेलं नाही. परवा रविवारी मी चाक फिरवत होतो, तर ती दाराशी येऊन उभी राहिली. ‘मागून पण घाल. ते मागून घालायचे.’

मी मागून घातलं.