फटफटीचा कंप

नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने मी महिन्यातून दोनदा लातुरास जातो. तेथे माझी वृद्ध माता असते. वाहन म्हणजे जुनी 350 ची बुलेट. गतवर्षी असे होऊ लागले की, अहमदपूर येईतो उजव्या हाताची बोटे बधिर होत, आणि सोमवारी वर्गात धरलेला खडू बोटांत आहे की गळाला, हे डोळ्यांनी पाहावे लागे.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. कोणी मुठींवर जाड स्पंज चढविण्यास सांगितले, कोणी दुहेरी हातमोजे. एका कारागिराने तर, "बुलेट आहे, हादरायचीच," एवढे बोलून पान लावले!

त्याच्या बोलण्यात निम्मे सत्य होते. या यंत्रात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एकच. तो प्रत्येक फेऱ्यास 90 मिलिमीटर वर जातो व तितकाच खाली येतो. मिनिटास 3000 फेरे धरले, तर ही ये-जा सेकंदास 50 वेळा होते, आणि दोन्ही टोकांस थबकून उलटताना त्याचा झटका सांगाड्यास बसतो. समोर वजन लावून तो मारावा, तर तेच वजन गाडीस पुढेमागे ओढते. म्हणून कर्ते अर्धाच झटका मारून थांबतात. उलट दिशेने फिरणारा तोलदांडा बसविला म्हणजे उरलेलाही बहुतांशी शमतो. बुलेटला तो 2023 साली मिळाला. माझ्या गाडीत तो नाही.

तथापि माझ्या गाडीचा कंप पूर्वी एवढा नव्हता. जो नव्याने आला, तो जातीचा कसा म्हणावा? नांदेडातील दुसऱ्या एका मिस्त्रीने गाडी स्टँडवर उभी करून यंत्राचा वेग वाढविला. चाक थांबलेले असूनही हँडल थरथरले. अर्थात चेन व टायर निर्दोष ठरले. मग त्याने इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट एकेक चाचपले. मागचा ढिला होता आणि त्याचे भोक झिजून लांबट झाले होते. "सर, हिचं खोड नाही, बोल्टचं आहे," तो म्हणाला. भोक भरून नवा बोल्ट घालण्यास एक दुपार लागली.

ही चौकशी मला हट्टाने करावीशी वाटली, त्याचे कारण एक जुनी हकीकत. 1918 साली अमेरिकेत इंडियाना प्रांतातील बेडफर्ड येथे डॉ. अॅलिस हॅमिल्टन या विदुषीने हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारांनी पाषाण फोडणाऱ्या कामगारांचे हात तपासले. थंडीत त्यांची बोटे पांढरी पडून बधिर होत, कारण दीर्घ कंपाने रक्तवाहिन्या आकुंचन पावत. ते लोक दिवसभर राबत. माझा प्रवास काही तासांचा. परंतु बोटे तीच!

आता शिरूर ताजबंदास चहासाठी उतरून हात झटकतो. वेग पंचावन्नच्या पुढे नेत नाही. मागून येणारा ट्रक आरशात एकच दिसतो.