न मावळणारा दिवस

रात्र म्हणजे काय, हे कायद्याने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. १८६० च्या दंडसंहितेत रात्रीची घरफोडी म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली. २०२३ च्या न्याय संहितेनेही ही मर्यादा तशीच ठेवली. आम्हां वकिलांचे तेवढ्यावर भागते. परंतु अलास्काच्या उत्तर टोकाला, पूर्वी बॅरो आणि आता उत्कियाग्विक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात उगवलेला सूर्य ऑगस्ट उजाडेपर्यंत मावळत नाही. तेथे जूनमध्ये असा गुन्हा घडणेच अशक्य! चोरांचे राहो, नेमक्या याच दिवसांत तेथे घरटी करणाऱ्या पाखरांनी झोपावे केव्हा, हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

पक्ष्यांच्या मेंदूत पिनियल नावाची एक ग्रंथी असते. कवटीतून झिरपणारा उजेड तिला थेट कळतो. अंधार पडला की ती मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते, उजाडले की हात आखडता घेते. शरीराला रात्रीची वर्दी मिळते ती या स्रावाकडून. आता अंधारच नाही, तर वर्दी देणार कोण? स्वालबार्ड बेटांवरील टार्मिगन या कोंबडीवजा पक्ष्याच्या रक्तात भर उन्हाळ्यात या संप्रेरकाचा दैनिक चढउतार आढळत नाही. तो दिवसरात्रीचा विधिनिषेध न बाळगता चरतो आणि विसावतो. उलट, स्वीडनच्या लॅपलँडमधील विलो वॉर्बलर या चिमुकल्या पाखराच्या रक्तात तो चढउतार अखंड उजेडातही टिकून राहतो. सूर्य मावळत नसला तरी एका जागी ठरत नाही. मध्यरात्री तो क्षितिजाजवळ उतरतो, प्रकाश मंद आणि तांबूस होतो, हवा गारठते. एवढा परिस्थितिजन्य पुरावा त्या पाखरास पुरेसा होत असावा.

बॅरोच्या पेक्टोरल सँडपायपर नराने तर झोपेला जवळजवळ कायमची तहकुबीच दिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एक नर १९ दिवसांपैकी ९५ टक्के वेळ जागा व हालता आढळला. आणि ज्यांनी सर्वांत कमी झोप घेतली, त्यांनाच सर्वाधिक पिले झाली. या नराला अंडी उबवायची नसतात. त्याचे जागरण केवळ प्रणयाचे.

आम्हांस अधिक भावली ती दोघांनी मिळून अंडी उबवणारी जोडपी. किनाऱ्यावरच्या अशा पक्ष्यांच्या ३२ जातींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकाने उठावे, दुसऱ्याने बसावे, या आवर्तनाचा काळ कोठे ६ तासांचा, तर कोठे ४३ तासांचा. बाहेरचे चोवीस तास बाजूस ठेवून कित्येक जोडप्यांनी आपापसांत ठरविलेला हा दिवस!

हे वाचताना आम्हांस वडिलांचे आजारपण आठवले. गेल्या हिवाळ्यात ते अकरा दिवस रुग्णालयात होते. त्या कक्षातले दिवे रात्रंदिवस जळत आणि खिडकी अशी नव्हतीच. तिसऱ्या दिवसापासून त्यांची वेळेची ओळख सुटली. जन्मभर शाळेत शिकविलेला माणूस, रात्री दोन वाजता दचकून उठे आणि विचारी, "घंटा झाली का रे?" आम्ही आणि आमची धाकटी बहीण पाळीपाळीने बसत होतो. कोर्ट सुटले की आम्ही जात असू, पहाटे ती येई. तिच्या बांगड्या वाजल्या की वडील म्हणत, "उजाडलं वाटतं." आम्ही काळा कोट खुर्चीवर टाकला की त्यांची संध्याकाळ होई. मग मात्र पहाटे बहिणीला एकदा उशीर झाला तर त्यांची कोण घालमेल! डॉक्टर औषधे वाढवीत होते. आम्ही दोघांनी पाळीची वेळ एका मिनिटानेही चुकवायची नाही असे ठरविले. सातव्या रात्री ते सलग चार तास झोपले. श्रेय औषधाचे असेल. आमचा त्यावर दावा नाही.

घरी आणले तेव्हा मागच्या खाजणात टिलवे उतरलेले होते. चिमणीएवढा हा पक्षी उन्हाळ्यात सैबेरियाच्या त्याच न मावळणाऱ्या उजेडात अंडी घालतो आणि हिवाळा आमच्या चिखलात काढतो. येथे त्याचे घड्याळ सुकतीचे. पाणी ओसरले की चोच चिखलात; मग ती दुपार असो वा मध्यरात्र. त्यांची बारीक चिवचिव वडिलांच्या खोलीत रात्री ऐकू येई. दिवा मालवलेला असे.