रविवारची चित्रकला

सल्ला देणे हा प्राध्यापकाचा जोडधंदा आहे. मूळ धंद्यात विद्यार्थी ऐकत नाहीत, त्याची भरपाई तो येथे करून घेतो. तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविल्यामुळे घराचे दार कोणत्या दिशेला असावे, दमेकऱ्याने दही खावे की नाही, कोणाच्या मुलाने कोणती शाखा घ्यावी, अशा वाटेल त्या विषयावर आम्ही निःशंकपणे मत देत आलो आहो. आणि त्या मतांचे पुढे काय झाले याची चौकशी करण्याची खोड आम्हांस कधीच लागली नाही. ती लागण्याचा प्रसंग दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत, न्यू जर्सीतील एडिसन या गावी, आमच्या धाकट्या बंधूंच्या घरी आला.

दीर्घ रजा घेऊन आम्ही फेब्रुवारीत तेथे गेलो. एडिसनच्या ओक ट्री रस्त्यावर बाकरवडीपासून भरल्या वांग्यांच्या वांग्यांपर्यंत सर्व काही मिळते, त्यामुळे परदेशी आल्याचे दुःख फारसे जाणवत नाही. जाणवली ती घरातली शांतता. बंधू, भावजय आणि सोळा वर्षांची पुतणी एका टेबलाभोवती जेवीत. परंतु टेबलाच्या एका कोपऱ्यावर छापील कागदांची एक चळत पडलेली असे आणि तिघेही तिला धक्का न लावता ताटे सरकवीत. चौथ्या दिवशी आम्ही ती चळत उघडली.

ते निरनिराळ्या कलाविद्यालयांच्या उन्हाळी वर्गांचे कागद होते. तिकडे हायस्कुलातील मुलांसाठी सुट्टीत असे वर्ग भरतात. त्यांस ‘प्री-कॉलेज’ म्हणतात. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांनी काही आठवडे कलाविद्यालयाच्याच वसतिगृहात राहावे, त्याच चित्रशाळांत काम करावे, आणि पुढे हाच मार्ग धरावयाचा काय हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, अशी मूळ कल्पना. प्रॉव्हिडन्स येथील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचा वर्ग सहा आठवड्यांचा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटचे वर्ग त्याहून लहान मुदतीचे. न्यू यॉर्कमधील ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटचा वर्ग चार आठवड्यांचा, जुलै महिन्यातला.

या संस्थांचे पूर्ववृत्त आम्ही मोठ्या आवडीने वाचले. प्रस्तुत प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता म्हणूनच बहुधा अधिक आवडीने. 1876 साली फिलाडेल्फियास मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी ऱ्होड आयलंडातील स्त्रियांनी निधी जमविला आणि खर्च भागून 1,675 डॉलर उरले. त्यांतून बागेत एक पाणपोई बांधावी की कलेची शाळा काढावी, असा प्रश्न त्या मंडळापुढे आला. त्यांनी 1877 मध्ये शाळा काढली. प्रॅटची संस्था 1887 सालची, एका तेलाच्या व्यापाऱ्याने स्थापिलेली. आपल्या मुंबईचे जे. जे. स्कूल या दोहोंहून वडील, 1857 मधले. आणि तेही सर जमशेटजी जीजीभाई या व्यापाऱ्याच्याच एक लाख रुपयांच्या देणगीतून उभे राहिलेले. व्यापाऱ्यांना चित्रकलेची शाळा काढावीशी वाटते आणि नोकरदारांना तीत मूल घालण्याची भीती वाटते, हा चमत्कार समाजशास्त्रज्ञांनी विचारात घेण्याजोगा आहे.

बंधूंनी एक तक्ता केला होता. ते अभियंते, तक्ता केल्यावाचून त्यांना भाजीही घेता येत नाही. आठवडे, शुल्क, वसतिगृह, श्रेयांक, अंतर आणि ‘नाव’ अशी सहा घरे होती. शुल्काच्या घरातील आकडे आम्ही मनातल्या मनात रुपयांत करून पाहिले आणि पाप केल्यासारखे लगेच विसरण्याचा यत्न केला. आमच्या महाविद्यालयातील पदवीच्या तीन वर्षांचे शुल्क त्यांत कित्येक वेळा भरून झाले असते. ‘नाव’ या घराला बंधूंनी सर्वांत अधिक गुण ठेवले होते. मोठ्या विद्यालयाचा उन्हाळी वर्ग केला की पुढे त्याच विद्यालयात पदवीला प्रवेश मिळणे सोपे जाते, असा त्यांच्या ओळखीच्या चार घरांतून पसरलेला समज होता. आम्ही त्यांस दूरध्वनी करून सरळ विचारावयास लावले. उन्हाळी वर्ग केल्याने प्रवेशाची कसलीही हमी मिळत नाही, असे पलीकडच्या बाईंनी स्वच्छ आणि गोड आवाजात सांगितले. बंधूंनी ‘नाव’ हे घर खोडले. मग उरलेल्या तक्त्याकडे पाहून ते मुलीला म्हणाले,

“मग एवढा खर्च कशासाठी? चित्रं काय, रविवारीही काढता येतात.”

असे म्हणताना त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. पाहावयास हवे होते. कारण ते वाक्य आमचे होते.

पस्तीस वर्षांपूर्वी बंधू एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण झाले होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, सारे काही. पितळी तांब्या, पालथी वाटी आणि दोन लिंबे मांडून ते ओसरीवर तासन्‌तास बसत. बारावी झाल्यावर त्यांनी जे. जे.चा अर्ज आणला. वडिलांनी तो वाचला आणि आमच्यापुढे ठेवला. आम्ही त्या वेळी नुकतेच अधिव्याख्याते झालो होतो. घरात आमच्या मताला नव्या नाण्याची किंमत होती. आम्ही फार विचार केला असेही नाही. ते वाक्य बोललो, सगळे हसले, बंधूही हसले, आणि तो अर्ज पुन्हा कोणाला दिसला नाही. पुढे किती रविवार आले आणि गेले, पण त्यांच्या हातात कोळशाची कांडी आम्ही पाहिली नाही. आम्ही कधी विचारलेही नाही.

त्या रात्री निजताना आम्ही ठरविले की या खेपेस मत द्यावयाचे नाही, केवळ मदत करावयाची. प्राध्यापकाला हे जमत नाही. अर्जासोबत उमेदवाराने आपला हेतू एका लहानशा निबंधात लिहावयाचा असतो. पुतणीने तो लिहून आम्हांस दाखविला. त्यात म्हटले होते की, तिने आपल्या आजीच्या हातांचे चित्र तीन वेळा काढले आणि तिन्ही वेळा अंगठा चुकला. अंगठा हाताला कोठे आणि कसा जोडलेला असतो हे शिकावयाचे आहे. एवढेच. आम्ही दोन दिवस खपून त्या मजकुराला वळण दिले. सौंदर्य, संस्कृती, पूर्व आणि पश्चिम, सारे काही त्यात यथास्थित बसविले. इंग्रजी तर इतके निर्दोष उतरले की आम्हीच दोनदा मोठ्याने वाचले. पुतणीने ते शांतपणे वाचले आणि म्हणाली, “काका, खूप छान आहे. पण ही मी नाहीये.” तिने आपलाच मजकूर पाठविला. ती आजी म्हणजे आमच्या मातोश्री. त्यांचा उजवा अंगठा एके काळी जात्याच्या खुंट्याने दुखावून थोडा वाकडा झाला होता, हे पन्नास वर्षे त्यांच्या हातचे जेवूनही आम्ही कधी नीट पाहिले नव्हते. पोरीचा अंगठा चुकलाच नसावा.

निवड अखेर झाली ती तक्त्याने नव्हे. भावजयीची एकच अट होती: मुलगी रात्री घरी आली पाहिजे. वसतिगृहात देखरेख असते, दारे ठरल्या वेळी बंद होतात, हे सर्व कागदांत लिहिलेले तिने वाचले होते. परंतु कागदावर तिचा विश्वास आमच्याहून कमी. प्रॅटच्या वर्गात घरून जाऊन-येऊन शिकण्याची सोय होती आणि वसतिगृहाचा खर्चही वाचत होता. अशा रीतीने कलेचा प्रश्न आगगाडीच्या वेळापत्रकाने सोडविला. यात हसण्याजोगे काही नाही. मूल रोज थकून कोठे परतते, यालाही शिक्षणात स्थान आहे. आणि तक्त्यात ते घर नव्हते.

आम्हांस मात्र एका गोष्टीने त्या वर्गाविषयी खात्री वाटली. दिवसाचे बहुतेक तास उभ्याने, फळ्यावर कागद लावून, समोरची वस्तू पाहून काढण्यात जाणार होते. शिवाय कलेचा इतिहास आणि तिने निवडलेला एक विशेष विषय. पाहून काढणे यावर तिकडच्या विद्यालयांचा मोठा कटाक्ष. छायाचित्रावरून उतरविलेल्या गुळगुळीत चेहऱ्यांचा त्यांना कंटाळा आहे. प्रॉव्हिडन्सच्या विद्यालयात पदवीचा प्रवेश मागणाऱ्या प्रत्येकाला अनेक वर्षे सायकलचे चित्र काढून पाठवावे लागे. पुढे ती अट गेली. सायकल ही वस्तू सर्वांनी पाहिलेली आणि कोणीच न पाहिलेली. विश्वास बसत नसेल तर वाचकांनी आत्ताच, सायकलकडे न पाहता, तिची साखळी कोणत्या चाकाला जोडावयाची आणि मधली दांडी कोठून कोठे न्यावयाची हे कागदावर काढून पाहावे. आम्ही काढली. आमच्या सायकलवर बसून कोणालाही कोठे जाता आले नसते. पुतणीने गॅरेजमधली जुनी सायकल उलटी करून तिच्यासमोर तीन शनिवार घालविले, ती अट जाऊन बरीच वर्षे झाली असतानाही.

मार्चमध्ये स्वीकृती आली. अनामत रक्कम भरावयाची होती, ती परत मिळणार नव्हती. लशींचा दाखला, आपत्प्रसंगी कोणास कळवावे, पालकांच्या सह्या, आणि साहित्याची यादी: कोळसा, खोडरबर, मोठ्या मापाचे स्वस्त कागद, कापण्याची सुरी. सह्यांच्या कागदावर बंधूंचा हात थोडा थबकला. “समजा हिला ते जमलं, दादा, तर पुढची चार वर्षं आली,” ते म्हणाले. न जमण्याची भीती बापाला असते हे आम्हांस ठाऊक होते. जमण्याची भीती प्रथमच पाहिली. आम्ही उत्तर दिले नाही. सही झाली.

पहिल्या दिवशी आम्ही तिच्यासोबत गेलो. एडिसनहून पेन स्टेशन, तेथून भुयारी रेल्वेने ब्रुकलिन. प्रॅटच्या आवारात हिरवळीवर शिल्पे उभी आहेत आणि मांजरे मालकाच्या ऐटीत हिंडतात. पुतणी मोठी पाठपिशवी सावरीत मागे न पाहता आत गेली. दुसऱ्या आठवड्यात ती परतली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. त्या दिवशी ‘क्रिटीक’ होते. सर्वांची चित्रे एका भिंतीवर टाचून लावतात, आणि शिक्षक व मुले मिळून प्रत्येक चित्राविषयी, काढणाऱ्याच्या समक्ष, बोलतात. तिच्या चित्राविषयी शिक्षिका म्हणाल्या होत्या की, रेघ सुंदर आहे, पण ती तू आधीच ठरवून आलेली आहेस. समोरच्या घड्याला तू काही विचारलेले नाहीस. घरी कोणी तिच्या चित्राला ‘छान’ याहून दुसरे काही म्हटले नव्हते. आम्हांस त्या बाईंचा राग आला, आणि मागाहून आमच्या तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका आठवल्या, ज्यांवर आम्ही ‘बरे’ याहून मोठे वाक्य क्वचितच लिहिले असेल.

भावजय म्हणाली, “उद्या नाही गेलीस तरी चालेल.” पुतणीने जेवण अर्ध्यावर टाकले, स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर टेबलावर ठेवला आणि काढावयास बसली. झाकणाच्या कडेचे वाटोळे काही केल्या तिला साधेना. कोणत्याही भांड्याचे तोंड गोल असते हे आपल्याला ठाऊक असते, आणि तेच ठाऊक असणे आड येते. बाजूने पाहता ते चपटे दिसते आणि डोळा ते कबूल करीत नाही. बंधू भांडी विसळीत होते. ते हात पुसून तिच्यामागे येऊन उभे राहिले, बराच वेळ उभे राहिले, आणि मग म्हणाले, “पलीकडची कड अलीकडच्या कडेहून चपटी धर. आणि टोकांना अणकुची काढू नकोस, तिथेही गोलच असतं.” पुतणीने वळून त्यांच्याकडे पाहिले. आम्ही वर्तमानपत्र उघडले.

शेवटच्या दिवशी मुलांच्या कामाचे प्रदर्शन होते. पुतणीचे चित्र भिंतीच्या एका बाजूला होते. फार मोठे नव्हते, सर्वोत्तमही नव्हते. बंधू तेथे थोडेच थांबले. मग ते दुसऱ्या एका मुलाच्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले आणि त्या सतरा वर्षांच्या पोराला, त्याने काचेच्या बरणीमागचा कापड असा कसा दाखविला, हे खोदून खोदून विचारू लागले.

परतीच्या गाडीत आम्ही न राहवून पुतणीला विचारले, “मग ठरलं का?” ती म्हणाली, “नाही. अजून हात येत नाहीत. सप्टेंबरमध्ये इथल्याच कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा क्लास आहे, फिगर ड्रॉइंगचा. आधी तो करीन.” बंधू खिडकीबाहेर पाहत होते. काही स्थानके गेल्यावर त्यांनी विचारले,

“फी किती आहे त्याची?”

तिने सांगितली. ती फार नव्हती.

“आणि वयाची अट?”