मधली खुर्ची

बाबांना मिरजेहून बडोद्याला आणलं त्या आठवड्यात मी मोजायची टेप घेऊन बैठकीच्या खोलीत रांगत होते. खोली दहा बाय बारा फुटांची. तिच्यात दोन स्पीकर आणि एक खुर्ची बसवायची होती. बाबांनी आयुष्यभर गाणं ऐकलं ते रेडिओवर आणि नंतर एका खरखरणाऱ्या टेपरेकॉर्डरवर. आता तरी त्यांना नीट ऐकू यावं, असं मनात होतं.

नीट ऐकण्याचे नियम तसे सोपे आहेत. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर असतील तर खुर्चीही प्रत्येकापासून सहा फुटांवर. ज्या छोट्या पडद्यातून उंच स्वर येतात तो कानाच्या उंचीला. मागच्या भिंतीपासून दोनेक फूट अंतर सोडायचं, कारण भिंतीला टेकवले की खर्ज फुगतो आणि कोपऱ्यात सारले की आणखी फुगतो. मग डग्गा घुमत राहतो आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. शेवटी आरशाची युक्ती. आपण खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथेच आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. तिथे काहीतरी मऊ किंवा ओबडधोबड हवं. माझ्या मुलीने आरसा धरला, तर ती जागा नेमकी माझ्या कोशांच्या फळीवर निघाली. कमीजास्त जाडीचे, पुढेमागे सरकलेले कोश आवाज छान विखुरतात. "चला, मोल्सवर्थ एकदाचा घराच्या उपयोगी पडला," बाबा म्हणाले.

हे सगळं जमलं की एक गंमत होते. समोर दोन खोकी दिसत असतात, पण गाणारा ऐकू येतो तो दोघांच्या मधून, जिथे नुसती भिंत असते. दोन्ही कानांना आवाज एकाच क्षणी आणि सारखाच पोचला की मेंदू तो समोरून आला असं धरतो. बाजूने येणारा आवाज एका कानात जरा आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण दिशा कळायला तेवढा पुरतो. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये याच आधारावर पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमाच्या पडद्यावर नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं असं सांगतात. मात्र मधल्या खुर्चीतून फूटभर बाजूला सरकलं की ही जादू मोडते. ज्या स्पीकरच्या आपण जवळ, तिकडेच गाणारा जाऊन बसतो. म्हणजे ती खुर्ची एकाच माणसाची.

त्या खुर्चीत मी बाबांना बसवलं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं लावलं. मिरजेच्या माणसासाठी दुसरं काय लावणार? खाँसाहेब तरुणपणी बडोद्याच्या दरबारी होते, पुढे मिरजेत स्थिरावले. १९३७ मध्ये ते गेले, आणि त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. दर्ग्यातल्या संगीतसभेला बाबा वर्षानुवर्षं रात्रभर बसत आले होते.

बाबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने मान डावीकडे वळवली, मग पुन्हा सरळ केली.

"खाँसाहेब खिडकीत का जाऊन बसलेत?"

खिडकी त्यांच्या उजव्या हाताला होती. मी डावा स्पीकर इंचभर पुढे घेतला, त्याचा आवाज वाढवला, त्रिकोण पुन्हा मोजला. माझी धावपळ पाहून बाबा म्हणाले, "हं, आता बरं वाजतंय." माझं मन राखण्यासाठी ते जसं बोलतात, तसंच ते बोलणं होतं.

त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आदल्या वर्षी दिवाळीनंतर फोनवर ते म्हणाले होते, "कानात दडा बसल्यासारखं वाटतंय गं." मी एका कादंबरीच्या अनुवादाच्या शेवटच्या प्रकरणात अडकले होते. म्हटलं, "सर्दी असेल बाबा, वाफ घ्या." त्यांनी वाफ घेतली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं की असा एकाएकी गेलेला कान पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं तर परत येण्याची शक्यता जास्त असते. पुढे पुढे ती कमी होत जाते. त्यांचा कान परतला नाही. बाबांनी त्याबद्दल मला कधी एक शब्दही विचारला नाही. अनुवाद वेळेत गेला होता.

त्या संध्याकाळी टेप गुंडाळताना जाणवलं की मी तो त्रिकोण माझ्या कानांसाठी मोजला होता. माझं कामही असंच चालतं. अनुवाद करताना मी मधल्या खुर्चीत एक वाचक बसवते. त्याला दोन्ही भाषा येतात, आणि मूळ वाक्य नि माझं वाक्य यांच्या मधोमध त्याला लेखक ऐकू येतो. प्रत्यक्षात अनुवाद वाचतो तो बहुधा एकाच भाषेचा माणूस. त्याला जे ऐकू येईल ते माझ्याच वाक्यातून. दोन्ही कान शाबूत असलेला तो वाचक बऱ्याचदा मीच असते.

दुसऱ्या दिवशी मांडणी बदलली. डॉक्टरांनी सांगितलेलं आता नीट आठवलं. एका कानाच्या माणसाला दिशा तर कळत नाहीच, शिवाय मूळ आवाज आणि खोलीतला त्याचा घुमारा वेगळे काढणंही जड जातं. मग स्टीरिओ हवाय कशाला? अ‍ॅम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं आणि डावा स्पीकर काढून ठेवला. बाबांना मधल्या खुर्चीतून उठवून त्यांच्या नेहमीच्या, भिंतीजवळच्या आरामखुर्चीत बसवलं. उजवा स्पीकर त्यांच्या उजव्या कानापासून तीन फुटांवर आणला. स्पीकर जवळ आला की खोलीचा वाटा आपोआप कमी होतो. खुर्चीमागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली.

खाँसाहेबांच्या तबकड्या अशा काळातल्या की त्यांच्यात डावं-उजवं नाहीच. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, आणि सगळं एकाच रेषेत कोरलेलं. त्यात जेवढं आहे तेवढं एका कानाला पुरतं. बाबांनी मान वळवली नाही. सम आली तेव्हा खुर्चीच्या हातावर बोट पडलं. तबकडीची दुसरी बाजू लावायला त्यांनी आपणहून सांगितलं.

काढून ठेवलेल्या स्पीकरवर आता त्यांचा चष्मा आणि गोळ्यांची डबी असते. मला समोरून ऐकायचं असेल तेव्हा मी हेडफोन लावते.

गेल्या महिन्यात सकाळी चहा घेताना बाबा सहज म्हणाले, "आज उजव्या कानात जरा दडल्यासारखं वाटतंय." मी भाषांतराची फाईल तशीच उघडी टाकून रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी पाच मिनिटांत मळ काढला.

"नुसता मळ होता," परतताना बाबा म्हणाले. "उगाच तुझा दिवस मोडला."

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. म्हटलं, "मोडू दे."