तेरा महिन्यांचा हिशेब



यंदा १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून घरी येतो न येतो तोच पुण्याहून नातीचा फोन. "आजोबा, स्वातंत्र्य तर १५ ऑगस्टला मिळालं ना? मग आज परत झेंडा कशाला?"

हा धडा मी चौतीस वर्षं शिकवलाय. म्हटलं, बाळा, १५ ऑगस्ट १९४७ ला आपलं नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं आणि निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. ऑक्टोबरात छतारीचे नवाब पंतप्रधान असताना दिल्लीशी कराराचा मसुदा ठरत आला, पण रझाकारांच्या जमावाने शिष्टमंडळाची घरंच वेढली. त्यांचा पुढारी कासीम रझवी, आपल्या लातूरचाच वकील! नवाबांनी राजीनामा दिला. २९ नोव्हेंबरला वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. पुढे लायक अली पंतप्रधान झाले, तक्रार संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेली. इकडे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार मानली.

नात म्हणाली, "म्हणजे राजा एक म्हणतो, पंतप्रधान दुसरंच, आणि रस्त्यावर तिसऱ्याचंच चालतं?" मला काँगो आठवला. १९६० साली स्वातंत्र्य मिळून सव्वादोन महिने झाले नाहीत, तोच तिथे राष्ट्राध्यक्ष कासावुबू आणि पंतप्रधान लुमुम्बा यांनी एकमेकांना बडतर्फ केलं. शेवटी लष्कराच्या मोबुटूंचं फावलं. सत्ता कोणाची हेच ठरत नाही, तेव्हा मरतो तो साधा माणूस.

धडा इथे संपायचा. मीही तिथेच थांबायचो.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावी शेजारी एक पडकं घर होतं. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. कोणाचं म्हणून विचारलं की आई म्हणायची, "शिलाईवाल्या चाचांचं." ते कुठे गेले म्हटलं की ती चुलीकडे वळायची. रझाकारांच्या भीतीने आमच्या आजोबांनी बायकामुलं बार्शीकडे पाठवली, ही गोष्ट मात्र वडील दर दिवाळीला सांगत. चाचांची कधीच नाही.

निवृत्तीनंतर सुंदरलाल समितीबद्दल वाचलं. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, आणि सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांना बसली, असं तिने नोंदवलंय. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. अहवाल कित्येक दशकं दडूनच राहिला. आमच्या घरातही तेच झालं होतं!

मुक्तिसंग्रामाचा अभिमान मला आजही आहे. रझाकारांनी केलेले जुलूम खोटे नव्हते. पण चौतीस वर्षांत किती मुलांना मी अर्धाच धडा शिकवला? वर्गात चाचांसारख्यांची नातवंडंही बसलेली असायची. ती गप्प का असायची, हे गुरुजींना कळलं नाही.

नातीला त्या दिवशी उरलेला धडाही सांगितला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आजोबा, चाचांचं नाव काय होतं?"

मला माहीत नाही. आई तर केव्हाच गेली.

असो. औश्याकडचे नातेवाईक हे वाचत असतील, तर घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारून बघा. नाव कळलं तर मला जरूर कळवा.